मुक्काम पोस्ट

गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या रात्री माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने लंडनहून छायाचित्र पाठविले. काळ्याभोर पाण्यावर एक लांबट, अरुंद होडी; तिच्या छपरावर ओळीने पाच पणत्या आणि टोकाला काड्यांचा व पतंगी कागदाचा घरी केलेला आकाशकंदील. खाली लिहिले होते, 'गुरुजी, हे माझे घर. पत्ता मात्र विचारू नका.'

मला वाटले, पोरगा थट्टा करतो आहे. धुळे जिल्ह्यातल्या ज्या गावात तो वाढला तिथे पांझरेच्या पात्रात वर्षातले सात-आठ महिने वाळूच असते. त्याचे पोहणे काय ते विहिरीतले. तो होडीत राहतो, रोज सकाळी होडीतून उतरून इस्पितळात कामाला जातो आणि रात्री पुन्हा होडीत येऊन निजतो, यावर माझा विश्वास बसेना. मी सौभाग्यवतीला छायाचित्र दाखविले. ती म्हणाली, "फराळ कुठे ठेवत असेल हो?" बायकांचे प्रश्न बहुधा आपल्या प्रश्नांहून मुद्द्याला धरून असतात.

चार दिवसांनी, भाऊबिजेला, त्याचे लांबलचक पत्र आले. पत्र म्हणजे आता टेलिफोनच्या पडद्यावर उमटलेली अक्षरे. पण अक्षरे मराठी होती आणि मजकूर जुन्या पत्रांसारखा 'सा. न. वि. वि.'ने सुरू झाला होता, म्हणून मी त्याला पत्रच म्हणतो. त्यात त्याने मला एक प्रश्न विचारला होता. त्या प्रश्नाने माझे सबंध वर्ष खाल्ले. या लेखात सांगायचे आहे ते त्याविषयीच.

आधी त्याची अडचण सांगितली पाहिजे. लंडनमध्ये घरभाडे इतके आहे की त्याच्या पगाराचा मोठा हिस्सा एका खोलीतच जाई. तेव्हा त्याने आणि त्याच्या बायकोने साठविलेल्या पैशांत एक जुनी होडी घेतली. इंग्लंडात अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत मालवाहतुकीसाठी कालवे खणले गेले. लंडनच्या पोटातून जाणारा रीजंट्स कॅनाल १८२० साली पुरा झाला. त्यातल्या बऱ्याच कालव्यांवरची पाण्याची दारे जेमतेम सात फूट रुंद. म्हणून होड्याही सात फुटांना जरा कमीच. लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत. पुढे आगगाडी आली, मालाचे दर पडले, आणि घरभाडे व मजूर दोन्ही परवडेनात तेव्हा होडीवाल्यांनी बायकापोरांना होडीतच आणून ठेवले. आज त्या होड्यांतून कोळसा जात नाही. माझ्या विद्यार्थ्यासारखी माणसे राहतात. कारण मात्र तेच आहे. काश्मीरच्या दल सरोवरातल्या हाउसबोटींची कथाही काही फार निराळी सांगत नाहीत. महाराजांच्या राज्यात परक्याला जमीन विकत घेता येत नसे, म्हणून इंग्रज साहेबांनी पाण्यावर घर बांधले म्हणतात. जमिनीवर ज्याला जागा मिळत नाही तो पाण्याकडे बघतो.

पण पाण्यावरही जागा लागतेच. होडी काठाला दोरीने बांधावी लागते आणि दोरीला खुंटा लागतो. ज्या काठावर कायम बांधून ठेवता येईल, ज्या काठावर राहण्याची कायद्याने मुभा आहे, अशा जागा थोड्या आणि महाग. त्या लंडनच्या कामापासून तास-दीड तासाच्या आत हव्या असतील तर जवळपास नाहीतच. अशी जागा ज्याच्यापाशी नाही त्याला १९९५ च्या एका कायद्याने सांगितले आहे की, होडी नौकानयनाच्या खऱ्या हेतूने वापरली पाहिजे आणि एके ठिकाणी सलग चौदा दिवसांहून अधिक थांबता कामा नये. म्हणजे दर पंधरवड्याला खुंटे उपटायचे आणि पुढे निघायचे. पण पुढे किती जाणार? इस्पितळ तर जागच्या जागी आहे. मग तो काय करी? चार मैल पूर्वेला, पुन्हा चार मैल पश्चिमेला. शनिवारी रजा टाकून होडी हलवायची, पाण्याची दारे स्वतःच्या हातांनी उघडायची-मिटायची, नव्या काठाला खुंटे ठोकायचे आणि सोमवारी नव्या रस्त्याने त्याच इस्पितळात हजर व्हायचे. असे तीन वर्षे त्याने केले.

त्याने एक खटलाही कळविला होता. बाथ शहराच्या परिसरात एक गृहस्थ असेच थोड्याशा टापूत पुढे-मागे करीत होते. चौदा दिवसांचे गणित त्यांनी पाळले होते. २०११ साली ब्रिस्टलच्या न्यायालयाने निकाल दिला तो असा की, नुसते हलणे म्हणजे नौकानयन नव्हे. तुम्हाला कुठे जायचेच नाही, तुम्हाला इथे राहायचे आहे. न्यायाधीशांनी कॅलेंडर पाहिले नाही, हेतू पाहिला.

आणि आता त्याच्या पुढे एक सोय चालून आली होती. कामापासून पाऊण तासावर एका खाजगी धक्क्यावर जागा रिकामी झाली होती. परवाना 'फुरसतीच्या' होड्यांचा, म्हणजे शनिवार-रविवारी येऊन हौस भागवून जाणाऱ्यांचा. तिथे कायम राहायला बंदी. पण धक्क्याचा मालक म्हणाला, 'राहा, मला काही हरकत नाही. फक्त राहतो असे लिहू नका. टपाल इथे मागवू नका. कोणी विचारलेच तर मित्राचा पत्ता द्या.' बायकोला सहावा महिना होता. हिवाळा तोंडावर होता. पत्राच्या शेवटी त्याने लिहिले होते, 'गुरुजी, चौथीत तुम्ही आम्हाला खोटे बोललो म्हणून उन्हात उभे केले होते. मी अजून विसरलो नाही. आता सांगा, सही करू का?'

ते पत्र मी वाचले तेव्हा माझ्या टेबलावर, चिवड्याच्या डब्याखाली, एक छापील अर्ज पडला होता. सुट्टीनंतर तो भरून द्यायचा होता. त्यावर लिहिलेले होते, 'मी मुख्यालयी राहतो.'

मी मुख्यालयी राहत नाही. मी अमळनेरला राहतो, जळगाव जिल्ह्यात. माझी शाळा धुळे जिल्ह्यात, शिंदखेडे तालुक्यात, तापीकाठच्या एका खेड्यात. सकाळी भुसावळ-सुरत मार्गावरची गाडी धरायची, बेटावद मागे टाकून नरडाण्याला उतरायचे, तिथून काळी-पिवळीत दहाव्या माणसाच्या मांडीवर बसून शाळेपर्यंत. संध्याकाळी उलट. आमच्याकडे याला 'अप-डाउन' म्हणतात. हा शब्द खानदेशातल्या लहान मुलालाही कळतो. 'वडील काय करतात?' 'अप-डाउन करतात.' जणू तोच धंदा. त्या डब्यात मास्तर, तलाठी, नर्सबाई, बँकेतले कारकून असे सारे असतात. पत्त्यांचा डाव असतो, भरीत-भाकरीचे डबे असतात, कोणाच्या मुलीचे लग्नही तिथेच जमते. मी माझी एक कादंबरी बहुतेक त्याच डब्यात लिहिली. तेव्हा या जिण्याबद्दल तक्रार करण्याचा मला फारसा हक्क नाही.

का राहत नाही, याची उत्तरेही माझ्याजवळ तयार आहेत, आणि ती खोटी नाहीत. माय ऐंशीच्या पुढे आहे. तिला बोरी नदीकाठचे ते घर सोडून दुसरीकडे नेले तर ती चार दिवसांत अंथरूण धरील. मुलगी दहावीत आहे. खेड्यात भाड्याने मिळण्याजोगे घर नाही. आहेत ती घरे ज्यांची त्यांना पुरत नाहीत. पण सरकारचा नियम आहे की शिक्षकाने, ग्रामसेवकाने, आरोग्यसेवकाने मुख्यालयी राहावे. त्यासाठी घरभाडे भत्ता मिळतो. २०१९ च्या सप्टेंबरात ग्रामविकास खात्याने त्यासाठी ग्रामसभेचा ठराव मागितला आणि २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात हा विषय विधानसभेत गाजला, तेव्हा आमच्या डब्यात दोन आठवडे पत्ते निघाले नाहीत. पुढे पुन्हा निघाले. गावोगाव कागद तयार झाले. माझाही झाला. सरपंच आप्पांनी सही करताना मान वर करून पाहिलेसुद्धा नाही. "गुरुजी, तुम्ही येळवर येतस ना? मंग झाय," असे म्हणाले आणि चहा मागविला.

पोराचे पत्र आणि माझा अर्ज असे शेजारी-शेजारी पडलेले असताना प्रथम मला हसू आले. त्याला कायदा सांगतो, थांबू नकोस. मला सांगतो, थांब. तो थांबू पाहतो आणि हलल्याचे दाखवितो; मी हलतो आणि थांबल्याचे दाखवितो. एकाच दोरीची दोन टोके. एका टोकाला घर, एका टोकाला पोट. दोरी जेवढी लांब तेवढ्यातच दोघांचे येणे-जाणे.

आमच्या आजोबांची दोरी फार आखूड होती. ते अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये होते. त्यांच्या वेळी कामापासून घर किती दूर असावे याचे माप ठरलेले होते: भोंगा ऐकू आला पाहिजे. पहिल्या भोंग्याला उठायचे, दुसऱ्याला निघायचे, तिसऱ्याला आत. भोंग्याच्या आवाजापलीकडे घर घेणारा माणूस मूर्ख समजला जाई. पुढे सायकल आली, मग एस. टी., मग पास काढून आगगाडी, आणि प्रत्येकाने दोरी थोडी थोडी सैल सोडली. आम्हाला वाटले, मोकळे झालो. आता लोक जळगावहून धुळ्याला रोज जातात, सुमारे नव्वद किलोमीटर, आणि त्याला 'जवळच' म्हणतात.

असो. मुद्दा खोट्याचा आहे.

मी तत्त्वज्ञ नाही. पदवीसुद्धा नाही. अमळनेरात १९१६ साली स्थापन झालेले तत्त्वज्ञान मंदिर आहे, आणि त्याच्या फाटकावरून मी हजारो वेळा सायकलने गेलो असेन; आत फारसा गेलो नाही. पण वर्षभर स्टेशनावर गाडीची वाट बघत माणूस जो विचार करतो त्याला दुसरे काय नाव द्यावे? माझ्या मनाने प्रथम माझी वकिली घेतली. मन बहुधा तेच करते. ते म्हणाले, खोटे कशाला म्हणायचे? ज्याने कोणी फसतो त्याला. इथे कोण फसले? सरपंचांना ठाऊक आहे. ग्रामसेवकाला ठाऊक आहे. तो स्वतः धुळ्याहून येतो. कागद ज्या कार्यालयात जातो तिथल्या कारकुनाला ठाऊक आहे. तो माझ्याच डब्यात बसतो. सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट कागदावर उलटी लिहिली तर ते खोटे नव्हे, ती एक रीत झाली. जसे लग्नपत्रिकेत 'आहेर आणू नये' असे छापतात आणि दाराशी आहेर लिहायला वही घेऊन माणूस बसवितात.

हा युक्तिवाद मला पुष्कळ दिवस पटला. त्यातून आपल्याकडे धर्मराजाचे उदाहरण आहेच. त्याने एक अर्धा शब्द हळू उच्चारला आणि जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला रथाचे वाईट वाटे. आता वाटते, रथ खाली टेकला म्हणजे झाले काय? तो इतर सर्वांच्या रथांसारखा झाला. आमचे रथ पहिल्यापासून जमिनीवर. त्यांनी आणखी कुठे खचायचे?

पण द्रोण फसला होता. गोष्टीत फसणारा एक माणूस होता. आणि माझ्या गोष्टीतही कोणीतरी आहे, हे मला एका पावसाळ्यात कळले होते. फक्त मी ते स्वतःला सांगितले नव्हते.

आमच्या शाळेत तिसरीत एक मुलगा होता. श्रावणातली रात्र, गावात वीज गेलेली, घरात सगळे जमिनीवर निजलेले. मण्यार चावली. मण्यारीचा दंश दुखत नाही म्हणतात. पोरगा नुसता पोट दुखते, पोट दुखते म्हणत होता. तास-दीड तास घरच्यांना कळलेच नाही. कळले तेव्हा पापण्या मिटू लागल्या होत्या. फोनला रेंज नव्हती. बाप धावत शाळेकडे आला. शाळेला कुलूप. ज्यांच्याकडे मोटारसायकल होती ते दोघे त्या रात्री परगावी लग्नाला गेलेले. शेवटी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून, चिखलातून शिरपूरला आणि तिथून धुळ्याला. पोरगा वाचला. तीन दिवस नळीने श्वास घेत होता, पण वाचला. आठव्या दिवशी बाप त्याला घेऊन शाळेत आला, पेढे घेऊन. मी म्हटले, देवाची कृपा. तो हो म्हणाला. मग अगदी साधेपणाने, तक्रारीचा लवलेश नसताना म्हणाला, "गुरुजी, तुम्ही आठे ऱ्हातात ते गाडी भेटी जाती."

माझी मोटारसायकल त्या रात्री अमळनेरला, आमच्या ओट्याखाली, ताडपत्री घालून ठेवलेली होती.

मी त्या पेढ्याचा तुकडा तोंडात टाकला होता. तो गिळायला मला बराच वेळ लागला एवढे आठवते.

आता त्या कागदाकडे बघा. त्या कागदाप्रमाणे त्या रात्री गावात एक शिक्षक होता. दुसऱ्या एका कागदाप्रमाणे ग्रामसेवक होता, तिसऱ्याप्रमाणे आरोग्यसेवक होता. तीन शिकलेली माणसे, तीन वाहने, एकाला तरी सर्पदंशाची माहिती. कागदावर त्या गावाची रात्र भरलेली होती. आणि ती भरलेली आहे असे धरले म्हणजे त्या रात्रीची आणखी काही तजवीज करावी असे वरच्यांना वाटण्याचे कारणच उरत नाही. माझी सही सरपंचांना फसवीत नव्हती. ती त्या रिकाम्या जागेवर 'भरलेली आहे' अशी पाटी लावीत होती. जागा रिकामी दिसली असती तर कोणीतरी कधीतरी ती भरण्याचा विचार केला असता. सर्वांनी मिळून एखादी गोष्ट जाणून घेतली म्हणजे ती निरुपद्रवी होते, हा माझा समज तिथे मोडला. आम्हा सर्वांना ठाऊक होते. त्या पोराला आणि मण्यारीला ठाऊक नव्हते.

माणूस कुठे राहतो हे ठरवायचा अधिकार कागदाला कसा मिळतो, याचा एक मासला माझ्या विद्यार्थ्याच्याच कालव्यात सापडला. १८७७ साली इंग्लंडात कालव्यावरील होड्यांचा कायदा झाला. होडीत किती माणसांनी राहावे ते नोंदवायचे आणि प्रत्येक होडी एखाद्या ठिकाणाची म्हणून नोंदवायची. त्या होडीतले मूल शाळेच्या कामापुरते त्या ठिकाणचे रहिवासी समजावे, असे ठरले. हेतू किती चांगला! पण मूल ते होडीत. आज या घाटावर, परवा पन्नास मैलांवर. 'समजावे' या एका शब्दावर त्या मुलाची शाळा.

हसू नका. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हा माझा वर्ग अर्धा होतो. भिल्ल आणि पावरा कुटुंबे ऊसतोडीला निघून जातात. कोणी गुजरातेत, कोणी नगर-पुण्याकडे. पोरे बरोबर जातात. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण सहा वर्षांच्या पोराला मागे ठेवायला आई तयार होत नाही, आणि तिला मी काय सांगावे? माझ्या हजेरीपटावर ती सगळी नावे असतात. मास्तर राहतो असे समजावे, मुले राहतात असे समजावे. न राहणाऱ्या मास्तरने न राहणाऱ्या मुलांना शिकविलेली शाळा कागदावर उत्तम चालते.

या आमच्याच खानदेशात उलटेही घडते. नंदुरबार १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होते. त्याच्या उत्तर टोकाला, सरदार सरोवराच्या फुगवट्यात, सातपुड्याचे पाडे पाण्याने वेढले गेले. तिथे रस्ता नाही. तिथे दवाखानाच होडीवर चढविला आहे. तो या पाड्याहून त्या पाड्याला जातो. २०२० साली करोनाच्या भीतीने अक्कलकुवे तालुक्यातल्या चिमलखेडीच्या अंगणवाडीत आया मुले घेऊन येईनात, तेव्हा तिथल्या अंगणवाडीताई कोळ्याची होडी मागून घेऊन, स्वतः वल्ही मारीत, अठरा किलोमीटरवरच्या पाड्यांवर जाऊ लागल्या. मुलांची वजने करायची, गरोदर बायांची चौकशी करायची, खाऊ पोचवायचा. त्या पाड्यांवर त्या राहत नव्हत्या. कोणत्याही अर्जाप्रमाणे त्या तिथल्या रहिवासी ठरल्या नसत्या. पण त्या पाड्यांवरच्या बायांना विचारा, ताई इथल्या आहेत की नाहीत.

हे लिहिताना माझ्या मनात एक लबाडी डोकावते, ती सांगून टाकतो. असे वाटते की मग राहण्याचे एवढे काय? मनाने तिथे असावे, म्हणजे झाले. नाही. त्या ताई वल्ही मारून जात होत्या. मी पावणेसहाची गाडी चुकू नये म्हणून शेवटचा तास घड्याळाकडे बघत शिकवितो. तुलना माझ्या सोयीची नाही. तशी अमळनेरात आम्हा मास्तरांची तुलना नेहमीच आणखी एका माणसाशी होते. साने गुरुजी १९२४ ते १९३० इथे शिक्षक होते आणि छात्रालयात मुलांबरोबर राहत. सत्कारसमारंभात पाहुणे हटकून त्यांचे नाव घेतात आणि आम्ही खाली बघतो. त्यांना म्हातारी माय सोडून यावे लागले नव्हते, दहावीतली मुलगी नव्हती, असे मी मनात म्हणतो. आणि म्हणताना मला माझीच लाज वाटते, कारण आई हा विषय त्यांच्यापुढे काढण्यासारखा नाही.

विद्यार्थ्याला मी काय लिहावे? 'सही करू नकोस' असे लिहिणे सोपे होते. बायको गरोदर, बाहेर थंडी, पंधरा दिवसांनी पुन्हा खुंटे उपटायचे. आणि उपदेश करणारा कोण, तर घरभाडे भत्ता घेऊन अमळनेरच्या घरात चिवडा खाणारा. मी तीन वेळा पत्र लिहून खोडले. शेवटी उपदेश काढून टाकला आणि त्याला मण्यारीची गोष्ट लिहिली; ताडपत्रीसकट लिहिली. आणि विचारले, 'तुझ्या सहीने काठावरच्या कोणाची जागा रिकामी असून भरलेली दिसेल काय? तुझ्या परिस्थितीत मला दिसत नाही, पण मी इथून पाहतो आहे. तू तिथून बघ.'

पंधरा दिवसांनी त्याचे उत्तर आले. त्याने ती जागा घेतली होती. 'गुरुजी, बाळंतपणासाठी डॉक्टरीणबाई घरी येते. तिला खरा पत्ता दिला. बाकी सर्वांना मित्राचा. यात अर्धे खरे झाले का?' मला वाटते, धर्मराजापेक्षा हा पोरगा बरा. त्याने निदान अर्धे खरे योग्य माणसाला सांगितले. चैत्रात त्याला मुलगी झाली. तिच्या जन्मदाखल्यावर कोणता पत्ता आहे हे मी विचारले नाही.

माझा कागद मी त्या वेळी भरून दिला. नेहमीसारखाच. हे लपवून हा लेख लिहिता आला असता.

पण या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठरावाचा विषय निघाला, तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी इथे राहत नाही." फार मोठे धैर्य केले असे नाही, पाय लटपटत होते आणि आवाज बारीक झाला होता. थोडा वेळ कोणी बोलेना. ग्रामसेवकाने माझ्याकडे असे पाहिले की, मी त्याच्याच खिशात हात घातला आहे. खरे तर घातलाच होता. एकाने खरे सांगितले म्हणजे बाकीच्यांचे उघडे पडते, आणि ते उघडे पाडण्याचा अधिकार मला कोणी दिला होता, हा प्रश्न माझ्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी डब्यात विचारला. एकजण तर म्हणाला, "तुला पुण्य पाहिजे होतं तर भत्ता गुपचूप सोडून द्यायचास." त्याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. त्याची आई पक्षाघाताने अंथरुणावर आहे. माझी माय निदान चालती-फिरती आहे.

सभेत मण्यारीच्या पोराचा बाप बसला होता. तो उठला आणि मला वाटले, आता हा मला बोल लावणार. तो म्हणाला, "आमना खळामा एक खोली शे. कपाशी ठेवाले बांधेल व्हती. गुरुजीस्नी पाह्यनी ते पाहो."

मी खोली पाहिली. पत्रे तापतात, पण दार मजबूत आहे. घरी माझे, सौभाग्यवतीचे आणि मायचे तीन दिवस बोलणे झाले. माय म्हणाली, "तुझे आजोबा रातपाळीला जात तेव्हा घर काय बुडत होतं का?" ठरले ते असे: सोमवार ते गुरुवार मी तिथे राहायचे, मोटारसायकलसकट, शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने घरी. आतापर्यंत नऊ रात्री झाल्या. नवव्या रात्री अकराच्या सुमारास कोणीतरी कडी वाजविली. मी धडपडत उठून चपला शोधू लागलो. दाराशी तो तिसरीतला, आता सहावीत गेलेला पोरगा उभा होता. त्याला गणिताचे एक उदाहरण सुटत नव्हते.

यंदाचा अर्ज मी खरा भरला. 'मुख्यालयी राहता काय?' यापुढे लिहिले, 'सोमवार ते गुरुवार चार रात्री.' अर्ज सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी परत आला. वर तांबड्या शाईने शेरा आहे: 'होय किंवा नाही एवढेच लिहावे.' तो इथेच आहे, करंजीच्या डब्याखाली. शाळा उघडायला अजून आठ दिवस आहेत.